एकोणऐंशी भागांची जमाबंदी

'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे मूळ पर्व पाहावे अशी सदिच्छा ज्यांच्या मनात उत्पन्न झाली आहे, परंतु नोकरी, संसार, गुडघेदुखी आणि सोसायटीची वार्षिक सभा या चतुर्विध उपाधींमुळे ते साद्यंत पाहणे ज्यांना शक्य नाही, अशा सद्गृहस्थांच्या व गृहिणींच्या सोयीसाठी प्रस्तुत नियमावली सिद्ध करण्यात आली आहे. सदर मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी तिचा अखेरचा नवा भाग दाखवला गेला. या मुदतीत अनुक्रमे २९, २६ व २४ असे तीन हंगाम मिळून ७९ भाग प्रक्षेपित झाले. दर भागास पन्नास मिनिटे धरल्यास एकूण हिशेब सुमारे ६६ तासांचा होतो. एवढ्या अवधीत ज्ञानेश्वरीचे पारायण होऊन वर प्रसादही वाटून होतो, ही गोष्ट घरातील वडीलधारी मंडळी निदर्शनास आणून देतीलच. तेव्हा निवड करणे प्राप्त आहे.

या बाबतीत सल्ला देणाऱ्यांची समाजात वाण नाही. एक पक्ष म्हणतो, सगळेच पाहा, एकही सोडू नका. या पक्षातील मंडळींना दुसरे काही काम असल्याचे आढळत नाही. दुसरा पक्ष दहा नावांची यादी हातात ठेवतो, आणि चौकशीअंती असे उघडकीस येते की ते दहा भाग त्या इसमाने वयाच्या बाराव्या वर्षी पाहिलेले असून त्यांचा गुण हा बव्हंशी त्या वयाचाच गुण आहे. तिसरा पक्ष म्हणतो, हे जुने सोडा, नंतरच्या मालिका पाहा. पण मूळ मागणीच ज्याने बाजूला सारली त्याचा सल्ला दप्तरी दाखल करून घेण्याचे कारण नाही. आम्ही या तिन्ही पक्षांस मुजरा करून महसूल खात्याची जुनी वहिवाट पत्करली आहे: आधी पाहणी करावी, मग प्रत ठरवावी, आणि बागायत, जिरायत, पड व पोटखराबा अशी नोंद करून मोकळे व्हावे.

कलम पहिले : क्रमासंबंधी

पहिल्या भागापासून आरंभ करावा, हा सज्जनांचा स्वाभाविक आग्रह येथे फळत नाही. प्रथम प्रक्षेपित झालेला भाग 'द मॅन ट्रॅप' हा होय. त्यात माणसाच्या अंगातील मीठ शोषून घेणारा एक प्राणी आहे. वस्तुतः त्याच्या पुष्कळ आधी चित्रित झालेला 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा भाग तिसऱ्या आठवड्यात दाखवला गेला, त्यामुळे दोन आठवडे ओळखीचा झालेला डॉक्टर मकॉय तिसऱ्या आठवड्यात एकाएकी नाहीसा होतो, गणवेश बदलतात, आणि या फेरफाराचा कोणी पंचनामाही करीत नाही. त्याहीपूर्वी 'द केज' नावाचा एक नमुन्याचा भाग तयार झाला होता. तो फार बौद्धिक आहे असा शेरा मारून वाहिनीने परत पाठवला, तेव्हा निर्मात्यांनी त्यातील चित्रफीत 'द मेनॅजरी' या दोन भागांच्या कथेत बसवून झालेला खर्च वसूल करून घेतला. सबब 'द केज' पाहिला असल्यास 'द मेनॅजरी' सोडावा, किंवा उलट करावे. एकाच जमिनीवर दोनदा सारा भरू नये.

एरवी क्रमाची चिंता अनाठायी आहे. प्रत्येक भाग अंतराळयानाचा कप्तान कर्क याच्या रोजनाम्यातील नोंदीसह आपली हकीकत मांडतो आणि पन्नास मिनिटांत तिचा निकाल लावतो. मागील आठवड्यात प्राणांतिक प्रेमात पडलेला कप्तान चालू आठवड्यात त्याचा शब्दही काढीत नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्यांनी ही मालिका पाहिली, त्यांचे कित्येक भाग पाहुण्यांच्या आगमनाने आणि विजेच्या गमनाने बुडाले असतील. पण कथासूत्र हरवल्याची फिर्याद कोणी केल्याचे ऐकिवात नाही, कारण हरवण्याजोगे सूत्र तेथे नव्हतेच.

कलम दुसरे : कर्त्याच्या नावासंबंधी

लेखकाचे नाव पाहून पुस्तक उचलण्याची सवय सुशिक्षितांस असते. ती येथे घातक ठरते. जीन कून नावाच्या लेखक-निर्मात्याने 'द डेव्हिल इन द डार्क' हा या मालिकेतील सर्वोत्कृष्ट भागांपैकी एक लिहिला. त्याच गृहस्थाने पुढे ली क्रोनिन असे टोपणनाव धारण करून 'स्पॉक्स ब्रेन' लिहिला, आणि तो मालिकेचा नीचांक होय याविषयी भिन्न मतांच्या रसिकांतही दुर्मिळ असे मतैक्य आहे. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या नावाचीही हमी धरता येत नाही. त्यांच्या 'द ओमेगा ग्लोरी' या भागात दूरच्या एका ग्रहावरील रानटी टोळी अमेरिकेचा राष्ट्रध्वज मिरवीत आत येते, आणि कप्तान त्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रस्तावना आवेशाने वाचून दाखवतो. हा भाग पडीत दाखल करावा, आणि जनकाविषयीचा आदर कायम ठेवावा.

कलम तिसरे : दारिद्र्यासंबंधी

नवख्या प्रेक्षकाची पहिली तक्रार हमखास अशी असते की, हे सर्व फार स्वस्तातले दिसते. तक्रार वाजवी आहे, पण तिच्या आधारे प्रतबंदी करता येत नाही, कारण या मालिकेतील उत्तम आणि अधम दोन्ही एकाच दारिद्र्याच्या पोटी जन्मली आहेत. यान प्रत्येक ग्रहावर उतरवणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून माणसांना किरणांच्या रूपाने क्षणात खाली पोचवणारे यंत्र कल्पिण्यात आले, आणि ते पुढे मालिकेचे भूषण ठरले. 'द मॅन ट्रॅप'साठी वेगळ्या घाटाच्या मीठदाण्या विकत आणल्या. त्या पडद्यावर मीठदाण्या म्हणून ओळखू येईनात, तेव्हा त्यांची रवानगी डॉक्टरच्या पेटीत झाली, आणि तेथे त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे म्हणून निष्ठेने चाकरी केली.

याच दारिद्र्यापोटी एकामागून एक ग्रह थेट पृथ्वीसारखे निघतात. एकावर शिकागोचे गुंड नांदतात, दुसऱ्यावर रोमचे साम्राज्य अद्याप टिकून असून ग्लॅडिएटरांच्या झुंजी दूरचित्रवाणीवर दाखवल्या जातात, तिसऱ्यावर नाझींचे राज्य आहे. अशा समांतर विकासाचा एक शास्त्रीय नियमही रोमच्या भागात उद्धृत केला आहे. खरा नियम एवढाच की ते पोशाख आणि त्या गल्ल्या स्टुडिओत तयार होत्या. तेव्हा तपासनिसाने पोशाख उसना आहे काय हे पाहू नये, तो असणारच. उसन्या पोशाखाच्या आत कथा स्वतःची आहे काय, एवढेच पाहावे. शिकागोच्या 'अ पीस ऑफ द ॲक्शन'मध्ये ती आहे, कारण तेथे एका विसरून राहिलेल्या पुस्तकाला धर्मग्रंथ मानून एक संबंध समाज त्याची नक्कल करीत बसला आहे, आणि ही परिस्थिती आपल्या ओळखीची नाही असे कोण म्हणेल?

दारिद्र्याचे सोने झाल्याचा दाखला हवा असल्यास 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग काढावा. शत्रूचे जहाज अदृश्य होऊ शकते, या एका कल्पनेने ते दाखवण्याचा निम्मा खर्च वाचला आहे. उरले दोन जहाजांचे दोन नियंत्रणकक्ष, आणि त्यांत एकमेकांच्या मनाचा ठाव घेणारे दोन कप्तान. प्रारंभी यानावर एक विवाह लागत आहे, तो धोक्याच्या घंटेने अर्धवट राहतो. मग शत्रूचे तोंड प्रथमच पडद्यावर उमटते, आणि त्याचे कान यानावरील अधिकारी स्पॉक याच्यासारखेच टोकदार निघतात. स्टाइल्स नावाचा अधिकारी मान वळवून स्पॉककडे पाहतो, आणि त्या पाहण्यात शेजाऱ्याविषयीचा जो संशय आहे तो उभा करण्यास एका छदामाचाही खर्च आलेला नाही. अखेरीस नवरदेव मरतो, वधू उरते, आणि विजयाचा आनंद कोणासच होत नाही. बागायत.

कलम चौथे : तंट्याच्या कसोटीसंबंधी

आता प्रत ठरवण्याची मुख्य रीत सांगतो. भाग संपल्यावर दिवा लावावा आणि घरात कशावरून तंटा होतो तिकडे कान द्यावा. तंटा खडक पुठ्ठ्याचे होते की थर्माकोलचे यावरून झाला तर भाग पड समजावा. कप्तानाने केले ते योग्य की अयोग्य यावरून झाला तर बागायत. तंटाच न होता मंडळी पाने घ्यायला उठली तर जिरायत, म्हणजे पीक पाहणाऱ्याच्या त्या दिवशीच्या वृत्तीवर अवलंबून.

'द डेव्हिल इन द डार्क'मध्ये खाणीतील कामगारांना एक अज्ञात प्राणी ठार मारीत असतो. प्राण्याचे रूप पाहून प्रेक्षागारात हशा पिकेल, कारण जाड आच्छादनाखाली एक मनुष्य हातापायांवर रांगत आहे हे लपत नाही. तो हशा होऊ द्यावा, पुढे त्याची लाज वाटणार आहे. खाणीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या टेबलावर एक गुळगुळीत गोळा शोभेसाठी ठेवलेला आहे, तसले सहस्रावधी गोळे कामगारांनी खोदकामात फोडले आहेत. आणि ती त्या प्राण्याची अंडी आहेत, तो प्राणी आई आहे, हे स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडून जाणून घेतो. डॉक्टर तिच्या जखमेवर चक्क बांधकामाचा गिलावा थापतो, आणि ती बरी होते. दरोडेखोर कोण आणि फिर्यादी कोण, यावर त्या रात्री तंटा होईल.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' या भागाची मूळ संहिता हार्लन एलिसन यांची. ती इतरांनी बदलल्याचा राग त्यांनी जन्मभर बाळगला, तरी १९६८ सालचा ह्यूगो पुरस्कार या भागाला मिळालाच. कर्क आणि स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडतात. स्पॉकच्या कानांचा खुलासा पोलिसास करताना कर्क अशी थाप मारतो की, हा चिनी असून लहानपणी भातकापणीच्या यंत्रात याचे डोके अडकले होते. या विनोदावर मोठ्याने हसून घ्यावे, कारण त्यानंतर हसण्याचे प्रसंग विरळ होत जातात. एक सुशील, लोकसेवक स्त्री अपघातात मेली नाही तर जगाचा इतिहास बिघडतो. कप्तानाचे तिच्यावर प्रेम आहे. आणि तिला वाचवायला धावणाऱ्या डॉक्टरला तोच मिठी घालून अडवतो. येथे होणारा तंटा एका रात्रीत मिटत नाही. दुसऱ्या दिवशी तारीख पडते.

याच प्रतीत 'अमॉक टाइम', 'मिरर, मिरर' आणि 'द डूम्सडे मशीन' हे भाग डोळे मिटून घालावेत. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'मध्ये तंटा नाही, केवळ वाढत जाणाऱ्या केसाळ गोळ्यांचा आनंद आहे. घरात लहान मुले असल्यास तो नियमास अपवाद म्हणून मंजूर करावा.

कलम पाचवे : खानासंबंधी

'स्पेस सीड' हा भाग आपल्याकडील प्रेक्षकाने विशेष चौकसपणे पाहावा, कारण यात आपले नाते गुंतले आहे. शतकानुशतके निद्रिस्त असलेला एक अतिमानव यानावर जागा होतो. त्याचे नाव खान नूनियन सिंग. तो उत्तर हिंदुस्थानचा, बहुधा शीख असावा, असा तर्क यानावरील इतिहासकार बाई एका दृष्टिक्षेपात करतात. भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटालबान यांची. दाढी नाही, आणि पगडी दिसते ती त्याच बाईंनी काढलेल्या चित्रात. सदर खानाने १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर निरंकुश सत्ता गाजवली, असे मालिकेचे म्हणणे आहे. त्या सालांत आम्ही येथेच हयात असून नियमितपणे घरपट्टी भरीत होतो. अशा बादशहाचे एकही फर्मान आमच्या तालुक्यापर्यंत पोचल्याचे स्मरत नाही. तथापि मोंटालबान यांचा रुबाब असा आहे की पोचले असते तर पाळले गेले असते. १९८२ सालच्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटाचा पायाही येथेच घातला गेला. बागायत, आणि हद्दीचा वाद कायम.

कलम सहावे : तिसऱ्या हंगामासंबंधी

दुसऱ्या हंगामाच्या वेळी मालिका बंद होणार अशी आवई उठताच प्रेक्षकांनी वाहिनीवर पत्रांचा एवढा वर्षाव केला की, मालिका चालू राहील असे पडद्यावरून जाहीर करणे वाहिनीस भाग पडले. अर्ज मंजूर झाला, पण सरकारी रीतीने: पैसा कमी केला आणि शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली, जेव्हा या मालिकेचा तरुण प्रेक्षक घरी असण्याची शक्यता सर्वांत कमी. या हंगामाची प्रतबंदी सावधपणे करावी. 'द एंटरप्राइज इन्सिडेंट' आणि 'द थोलियन वेब' चांगली जमीन आहे. 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड'मध्ये एक डावीकडून काळा व दुसरा उजवीकडून काळा अशा दोन माणसांचे हाडवैर आहे, तात्पर्य पहिल्या दहा मिनिटांत कळते आणि उरलेली चाळीस मिनिटे ते पुन्हा कळत राहते, जिरायत. 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन'मधील कर्क आणि यानावरील कृष्णवर्णी अधिकारी उहुरा यांचे चुंबन अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. दप्तरी महत्त्व मोठे, उत्पन्न बेताचे. 'द वे टु ईडन'मध्ये हिप्पी यानावर चढून गाणी म्हणतात आणि स्पॉक त्यांना तंतुवाद्याची साथ करतो, पड.

राहता राहिला 'स्पॉक्स ब्रेन'. एक तरुणी यानावर येऊन स्पॉकचा मेंदू काढून नेते. डॉक्टर त्याचे बिनमेंदूचे शरीर हातातील कळ दाबून चालवीत मेंदूच्या शोधास सोबत नेतो. आणि शेवटी मेंदू परत बसवताना वाचा तेवढी आधी जोडली जाते, तेव्हा स्पॉक टेबलावर पडल्यापडल्या आपल्याच शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरला सूचना देऊ लागतो. या भागास कोणती प्रत द्यावी यावर आम्ही दीर्घ विचार केला आहे. पडीत घालावा तर पड जमीन पुढे लागवडीस येण्याची आशा असते. ती येथे नाही. म्हणून पोटखराबा असा शेरा कायम करीत आहोत: आकारणी माफ, ६६ तासांच्या हिशेबातून वजा, मात्र पोटखराबा हा खातेदाराच्याच मालकीचा असतो आणि सातबाऱ्यावरून त्याचे नाव खोडता येत नाही, ही तरतूद ध्यानात ठेवावी. ज्याला उरलेले बागायत मनापासून आवडले, तो आज ना उद्या, पाहुणे गेल्यावर, हाही भाग लावणार आहे. त्यास आमची हरकत नाही.