संगणकाला भावकी नसते

संगणकात नकाशे भरणाऱ्या मंडळींचा एक कडक नियम आहे. शेजारशेजारच्या दोन आकृत्या एकमेकींवर चढता कामा नयेत आणि दोघींच्या मध्ये फटही राहता कामा नये. हा नियम करणारा गृहस्थ कोरेगावला किंवा वाळव्याला कधी बांधावर उभा राहिलेला दिसत नाही. आमच्याकडे एका नांगरटीला बांध चार बोटं कोरला जातो, पुढच्या नांगरटीला पलीकडचा सहा बोटं कोरून परतफेड करतो. पाणंदीच्या बाबतीत मात्र दोघांची एकी असते. नकाशात पाणंदीच्या दोन समांतर रेघा, जागेवर ८६०३२ चा ऊस.

आता हे सगळं रान स्पेशियल डेटाबेसमध्ये जातंय. साध्या डेटाबेसला नाव, गट नंबर आणि क्षेत्र एवढंच कळतं. यात प्रत्येक गटाची आकृतीही साठवलेली असते, कोपऱ्याकोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशासकट. मग विचारता येतं, कृष्णेच्या निळ्या पूररेषेच्या आत कुठले गट येतात? कॅनॉल इथून नेला तर कुणाची किती जमीन जाते? लाखो आकृत्यांतून चटकन उत्तर काढायची एक युक्ती अँटोनिन गुटमन यांनी १९८४ साली मांडली. तिला आर-ट्री म्हणतात. जवळजवळच्या आकृत्यांभोवती एक चौकट, तशा चौकटींभोवती आणखी मोठी चौकट. शोधताना नको ती मोठी चौकट अख्खीच्या अख्खी वगळायची. गावचा कोतवाल हेच करत आलाय. अमक्याचं रान कुठं म्हणून विचारा, तो आधी म्हणणार, "वढ्याच्या अंगाला का माळाच्या?"

कोतवालाची अडचण एवढीच की तो निवृत्त होतो. तेव्हा काम संगणकाकडे गेलं याचं दुःख नाही. दुःख आहे ते त्याला भरवलेल्या मालाचं.

सातबारा तलाठ्याकडे (२०२४ पासून ते ग्राम महसूल अधिकारी झाले, गावाला अजून भाऊसाहेबच) आणि नकाशा भूमी अभिलेखकडे. क्षेत्र एका खात्यात, आकृती दुसऱ्यात. पिढ्यानपिढ्या दोन्ही खाती सुखात नांदली, कारण दोघांचे कागद समोरासमोर आणायची वेळ क्वचितच यायची. एका पडद्यावर आणले की सातबारा म्हणतो एक एकर, आकृती म्हणते अडतीस गुंठे आणि जागेवर ऊस मोजावा तर तिसरंच काही. जुनी मोजणी ३३ फुटांच्या साखळीची. तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा, असे चाळीस की एकर. त्यावर १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले. कागदावर अदलाबदल झाली, पण आजा जिथे कसत होता तिथेच नातू कसतोय अशी रानं आजही आहेत. पुढे वाटण्या झाल्या त्या तोंडी किंवा स्टँपवर. नकाशाला यातलं कुणी कळवलं नाही.

आणि रेघेची जाडी? दहा हजारास एक प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. आपला बांध दोन फुटांचा! नुसत्या त्या रेघेत उसाच्या तीन-चार सऱ्या बसतात. अशी रेघ स्कॅन करून तिच्या कोपऱ्याला दशांश चिन्हापुढे आठ घरं अक्षांश दिले की साहेब खूश होतात. मोजणीला आता रोव्हर (उपग्रहाचे संकेत पकडणारं यंत्र) येतो, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स केंद्रांच्या जाळ्यावर तो काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. यंत्र खरं बोलतं, वादच नाही. पण ते तुम्ही कुठे उभे आहात एवढंच सांगतं. हद्द कुठे होती, हे त्याला कुठून माहीत असणार?

ई-पीक पाहणीत हे रोज दिसतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. बाप्या स्वतःच्या रानात, स्वतःच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर उभा, आणि ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून लांब आहात. मग तो फोन वर धरून शेजाऱ्याच्या रानात सरकत जातो. ॲपचं समाधान होतं तेव्हा शेजारी कुऱ्हाड शोधत असतो.

आता हसण्यावारी न नेण्याची गोष्ट. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आला. माणसं गेली, घरं गेली, रानावर दगडमातीचा थर बसला. डेटाबेसमधली आकृती मात्र आपण होऊन हलत नाही. कुणीतरी जाऊन नव्याने मोजेपर्यंत तिच्या लेखी तिथे भाताचं खाचरच असतं. गावठाणाचं बरं चाललंय म्हणायचं. पुरंदरच्या सोनोरीत ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला, मग २०२० ला स्वामित्व योजना आली आणि घरांच्या हद्दी ताज्या फोटोवरून घेतल्या गेल्या. तिथे आधी जागा पाहिली, मग रेघ मारली. शेताच्या बाबतीत आपण जुनीच रेघ नव्या पाटीवर गिरवतोय.

तेव्हा मोजणीचा अर्ज टाकण्याआधी भूमी अभिलेखातून गटाच्या नकाशाची आणि मूळ टिपणाची नक्कल काढा. लगतधारक म्हणून नोटीस आली तर लग्नाची तारीख पुढे करू नका, जागेवर हजर राहा, जे पटत नाही ते तिथेच लेखी द्या. मोजणीनंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घेतल्याशिवाय मोजणीदाराला चहा पाजून वाटेला लावू नका. आणि तोवर नांगर बांधापासून हातभर आत धरा, दोघांनीही.