सालींच्या पुडीचा हिशेब मांडा

तेलविहीर खोदताना जो मड, म्हणजे चिखलासारखा द्रव, वापरतात त्यात फळांच्या आणि भाज्यांच्या सालींची पूड घालता येते. अमेरिकेतल्या मिसूरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019च्या सुमारास मँडरिन संत्र्याच्या आणि बटाट्याच्या साली वाळवून, दळून तपासल्या आणि त्या कामाच्या निघाल्या. संशोधन चांगलं आहे. पण अशा प्रयोगांना ‘अन्नाच्या कचऱ्यावर तोडगा’ असं लेबल चिकटवलं जातं, ते काढून टाकायला हवं.

साधं गणित करा. समजा विहिरीला 300 घनमीटर मड लागला आणि दर घनमीटरला 20 किलो पूड घातली. झाली 6 टन. ओल्या सालींत बहुतेक पाणीच, म्हणून त्या पंचवीस-तीस टन धरा. एकट्या मुंबईत रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. या आकड्यांशेजारी विहिरीतली पूड ठेवून तोडगा म्हणायचं, ही वाचकाची फसवणूक आहे.

शिवाय ताटातलं उष्टं, खरकटं, हाडं, प्लॅस्टिक एकत्र झालेली बादली कोणताही मड इंजिनिअर विहिरीत ओतणार नाही. त्याला लागते एकाच जातीची स्वच्छ साल. ती मिळते रस आणि चिप्सच्या कारखान्यांत. तिथली साल आजही पशुखाद्याला जाते, संत्रावर्गीय फळांच्या सालींतून पेक्टिन काढतात. माझ्या मते त्या सालीवर पहिला हक्क गोठ्याचा. गुरांच्या तोंडची साल पळवून तिला कचरा म्हणू नये.

मग या पुडीचा उपयोग नाही? आहे, आणि मोठा आहे. मड पाइपातून खाली जातो, खडक फोडणारा बिट थंड ठेवतो, फुटलेला खडक वर आणतो, खालचा दाब रोखून धरतो. सच्छिद्र खडकात मडमधलं पाणी झिरपू लागलं की विहिरीच्या भिंतीला पातळ, चिवट थर धरावा लागतो. तो धरायला सालीतला स्टार्च आणि तंतू मदत करतात. तेलवाल्यांना यात नवलही नाही: मडमध्ये स्टार्च 1930च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, आणि भेगांतून मड पळू लागला की अक्रोडाच्या कवचांचा चुरा घालतात. पण याच मडमध्ये क्रोमियमयुक्त लिग्नोसल्फोनेटसारखी रसायनंही वर्षानुवर्षं पडत आली. पुडीमुळे अशी रसायनं कमी झाली, तर समुद्रातल्या विहिरींभोवतीच्या जिवांना दिलासा मिळेल. पुडीची खरी लढाई इथे आहे, आणि त्या लढाईत मी पुडीच्या बाजूने आहे.

म्हणूनच पुढचा प्रश्न जोरात विचारायचा. साल म्हणजे अन्न, आणि अन्न जिवाणूही खातात. उबदार मडमध्ये स्टार्च आंबतो, आणि साधा स्टार्च 120 अंश सेल्सिअसच्या आसपास टिकत नाही. आंबू नये म्हणून मडमध्ये बायोसाइड, म्हणजे जंतुनाशक घालतात. त्यांतलं एक ग्लुटाराल्डिहाइड. रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. पाण्यातल्या जिवांना ते विषारी. म्हणजे दारातून क्रोमियम बाहेर काढायचं आणि खिडकीतून जंतुनाशक आत घ्यायचं! प्रयोगशाळेत ताज्या मडवर काही तास घेतलेल्या चाचणीत हे दिसणार नाही. विहीर तर अनेक आठवडे चालते.

मडला वजन देणाऱ्या बराइटचा विषय तर या चर्चेत कुणी काढतच नाही. वजनदार मडमध्ये सर्वांत मोठा वाटा त्याचा, आणि त्यात पारा, कॅडमियम यांचे अंश असू शकतात. दोन टक्के पूड घालून सगळ्या मडवर ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का मारता येत नाही. तपासायचा तो तयार मड, जंतुनाशकासकट, बराइटसकट. कोळंबीसारखे जीव 96 तास त्यात ठेवून किती प्रमाणाला निम्मे मरतात, हे मोजायची पद्धत रुळलेली आहे. ती ताज्या मडवर वापरा आणि विहिरीतून वर आलेल्या जुन्या मडवरही.

हे काम आपल्याकडे होऊ शकतं. ओएनजीसीची ड्रिलिंग तंत्रज्ञान संस्था डेहराडूनला आहे आणि 1974 साली तेल लागलेलं मुंबई हाय आपल्या किनाऱ्यासमोर आहे. चाचणी घ्या. सालीने कोणतं रसायन किती किलो कमी केलं आणि जंतुनाशक किती वाढलं, दोन्ही आकडे एकाच पानावर छापा. आणि ते पान वर्सोव्यातल्या कोळ्यांना वाचता येईल अशा मराठीत काढा, कारण त्या पाण्यात जाळी त्यांची पडतात.