राजीनाम्याचा सत्कार

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, "काका, निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"चार."

"मग एवढं दमायला करता काय?"

मी बोटं मोजायला लागलो. गल्लीतल्या मंडळाचा सल्लागार, सोसायटीचा खजिनदार, वाचनालयाचा कार्यवाह, माजी विद्यार्थी मेळाव्याचा निमंत्रक, तीन कृती समित्यांवर सदस्य आणि त्या तिन्हींत भांडणं होऊ नयेत म्हणून नेमलेल्या समन्वय समितीचा समन्वयक. माझी बोटं संपली तेव्हा डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला. "बर्नआउट," ते म्हणाले. "कामं कमी करा. महत्त्वाचं तेवढंच ठेवा."

घरी येऊन शब्दाचं मूळ शोधलं. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं या दुखण्यावर लिहिलं आणि ते त्याला दिसलं कुठं, तर मोफत दवाखान्यात राबणाऱ्या मंडळींत. वाचून ऊर भरून आला. म्हणजे हा मूळचा समाजसेवकांचाच आजार! इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ साली तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, एल अँड टीचे सुब्रह्मण्यन २०२५ मध्ये ९० तासांवर गेले. पण त्यांच्या तासांना पगार असतो. आमच्या तासांना फक्त चहा, तोही वर्गणीतला.

तालमीतल्या तात्यांना ही बातमी सांगितली. "बर्नर गेला? मग शेगडीवाल्याला दावा की." अर्थ सांगितल्यावर मात्र ते गंभीर झाले, आणि तात्या गंभीर झाले की गोष्ट खाशाबांपासून सुरू होते.

"१९५२ साल. हेलसिंकी. आपला खाशाबा जाधव, राजाराम कॉलेजचा पोरगा. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिलं, तवा गेला बघा. जपानच्या इशीसंगं लांबलचक कुस्ती झाली. अंगात त्राण न्हाई. अन् लगीच पुकारा, आता रशियाच्या पैलवानासंगं उतर. नियमानं दोन कुस्त्यांच्या मधी अर्धा तास इसावा. पर त्यो मागायला आपला एक अधिकारी जाग्यावर नव्हता. गडी तसाच उतरला, हरला. ब्राँझवर भागलं."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमचा अर्धा तास कोण मागणार, मास्तर?"

मला उत्तर सुचेना. हेलसिंकीत एक अधिकारी मिळाला नाही आणि आमच्याकडं फलकाच्या अनावरणाला व्यासपीठावर सतरा पदाधिकारी मावत नाहीत. त्यातला प्रत्येकजण 'मी फक्त दोनच मिनिटं घेतो' म्हणून माईक धरतो. त्या दोन मिनिटांत खाशाबा दोन कुस्त्या खेळून, विसावा घेऊन, जेवून आले असते.

तर ठरलं. राजीनामे द्यायचे.

पहिला दिला वाचनालयाला. एकमतानं मंजूर झाला आणि त्याच बैठकीत माझी सत्कार समिती नेमली गेली. चार वर्षं ज्यांनी कोरम होऊ दिला नाही, ते सगळे हजर. सत्काराची तारीख ठरवायला तीन बैठका झाल्या आणि सत्कारमूर्ती या नात्यानं तिन्हींना मला बसवलं. मानपत्राचा मसुदाही माझ्याकडंच आला. म्हणे, "तुमच्याइतकं तुम्हाला कोण ओळखतं?" दोन रात्री जागून मी स्वतःची निःस्वार्थ सेवा वर्णन केली. फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला.

सोसायटीनंही सत्कार ठरवला, पण त्याचा हिशेब ठेवायला खजिनदार नव्हता. त्यानं नुकताच राजीनामा दिला होता. मग मीच ठेवला. मंडळाची पोरं तर म्हणाली, "सर, नुसता सत्कार नको, मिरवणूक काढू. डॉल्बी आपला." त्यांना आवरायला पोलिस ठाण्यात दोन खेपा झाल्या. एका महिन्यात घरात पाच शाली आणि अकरा नारळ जमले. सौभाग्यवती रोज नारळाची चटणी वाढते आणि विचारते, "अजून कितीजणांकडून सुटायचं राहिलंय?"

कृती समितीतून मात्र कोल्हापुरात कुणी सुटत नाही. आमच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचची एकच मागणी चार दशकं धरून ठेवली आणि १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. त्या आंदोलनाला मी अकरा संस्थांच्या लेटरहेडवर पाठिंबा दिला होता. वकिलांना वाटलं, अकरा संस्था पाठीशी आहेत. होतो मी एकटाच, अकरा वेळा दमलेला.

'महत्त्वाचं तेवढंच' म्हणजे काय, हे कळावं म्हणून नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला जाऊन उभा राहिलो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची काही मिनिटं सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, मग वर, तिसऱ्या दिवशी मुख. पहिल्याच दिवशी मुखापर्यंत जायची घाई नाही. सूर्यनारायणाचं एवढं नेमकं वेळापत्रक, तर त्याच्या वाटेत आम्ही महाद्वार रोडला मजले चढवून ठेवलेत. आता अडथळे मोजावे लागतात. मोजणाऱ्यांचं मला बोलावणं आलं नाही, म्हणून क्षणभर वाईट वाटलं. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस, तिच्याखाली चरवी, हातात फेसाळ धारोष्ण दुधाचा ग्लास. म्हैस रवंथ करत होती. दिवसातून दोन वेळा दूध देते, मधल्या वेळात तिला कुणी निमंत्रक करत नाही. मला तिचा हेवा वाटला.

शेजारी कुणीतरी म्हणालं, "पूर्वी किती म्हशी यायच्या इथं. कट्टा टिकायला पायजे." दुसरा म्हणाला, "समिती पायजे." तिसऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "मास्तर आता रिकामेच हाईत की! राजीनामे दिल्यात सगळे."

मी लगेच नाही म्हणणार होतो. पण तोंडात दूध होतं. घोट गिळेपर्यंत टाळ्या पडल्या.