बिनवासाचा माणूस

हरणाची शिकार बंदुकीनं करतात असा माझा समज होता. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गाईडनं सामानाची यादी पाठवली, तिच्यात बंदुकीला एकच ओळ होती: 'रायफल मी देईन.' बाकी यादीत साबणच साबण. अंगाला बिनवासाचा, केसांना बिनवासाचा, कपड्यांना बिनवासाचा. शिवाय बिनवासाचा डिओडरंट. तो लावून नेमकं काय साधतं, हे दुकानातल्या पोरालाही सांगता येईना.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो. त्या आठवड्यात ऑफिसात मीटिंग ठेवायची कुणाची टाप नसते. इतकी वर्षं मी एकटाच रिकाम्या ऑफिसात बसून राहायचो. यंदा सहकाऱ्यांनी ओढलंच.

कायद्यानं माझी चांगलीच गंमत केली. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना अमेरिकेत एरवी बंदूक बाळगता येत नाही. पण शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं. म्हणजे ग्रीन कार्डासाठी केस पिकेपर्यंत रांगेत उभं राहायचं आणि बंदुकीसाठी हरणाची चिठ्ठी पुरे! त्या लायसन्ससाठी शिकारीचा कोर्स करावा लागतो, तोही जन्म 1 जानेवारी 1973 ला किंवा नंतर झाला असेल तरच. त्याआधीची मंडळी उपजत शहाणी असावीत. आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आपल्याकडे बहात्तर सालीच कायदा झालाय. हरणाला हात लावला तर आत टाकतात. तू तिकडे जाऊन हेच शिकलास का रे?" बायकोनं एवढंच ऐकवलं, "सीतेनं निदान मागितलं तरी होतं. मी काही मागितलेलं नाही, लक्षात ठेव."

कपड्यांचं प्रकरण आणखी मजेशीर. कमरेच्या वर निम्मे तरी कपडे झगझगीत नारिंगी हवेत, टोपी घातली तर तीही. हे हरणासाठी नसतं, बाकीच्या शिकाऱ्यांसाठी असतं. त्यांनी आपल्याला हरीण समजू नये म्हणून. हरणाला तो रंग मातकटच दिसतो. निळा मात्र त्याला लख्ख दिसतो, म्हणून जीन्स घरी ठेवायची. नेहमीच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र करणारं जे काही असतं, त्यानं कपडे हरणाच्या डोळ्यांत चमकतात, म्हणून तीही बाद. 2016 पासून नारिंगीऐवजी झगझगीत गुलाबीही चालतो. "गुलाबीच घे," बायको म्हणाली, "नंतर मला बर्फ उपसायला होईल." मी नारिंगी घेतला. जाकीट घालून कचरा टाकायला गेलो, तर शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदाच आपण होऊन हात केला.

पण खरी झुंज वासाशी. यादीत लिहिलं होतं: 'धुतलेले कपडे झाकणबंद डब्यात, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.' आमच्या घरात स्वयंपाकघरापासून लांब अशी जागाच नाही. लसणाची फोडणी पडली की ती जिना चढून वरच्या कपाटातल्या लग्नाच्या सुटापर्यंत पोचते. गॅरेजमध्ये डबा ठेवला, तर तिथे हिंगाची बरणी सापडली. उग्र वास येतो म्हणून तिची तिथे आधीच हकालपट्टी झालेली. "आठवडाभर फोडणी नको," असं मी सुचवून पाहिलं. त्यावर जे ऐकावं लागलं त्याला मात्र वास नव्हता, धार होती.

मग खाऊचा प्रश्न. झाडावरच्या मचाणावर उजाडायच्या आधी चढून बसायचं, पट्ट्यांनी स्वतःला खोडाला बांधून घ्यायचं आणि तासन्‌तास हूं की चूं करायचं नाही. तिथे खायचं काय? रात्री जेवणाच्या टेबलाशी चाचणी झाली. बायको डोळे मिटून बसली आणि मी एकेक पदार्थ खाऊन दाखवला. चिवडा पहिल्याच घासाला बाद. चकलीला तर तिनं तोंडापर्यंत पोचूच दिलं नाही. धपाटे आवाजात पास, वासात नापास. बेसनाचा लाडू दोन्हीत उतरला, पण त्याच्या भोवतीची प्लास्टिकची पिशवी एवढी कुरकुरली, की तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "गेलं हरीण." शेवटी लाडू जुन्या सुती रुमालात बांधले. अंगावर मात्र सूत अजिबात नको असं यादीच सांगते. घामानं भिजलं की वाळत नाही आणि उणे दहात माणूस गारठतो. म्हणून आतून लोकर, वर लोकर. लघवीसाठी बंद बाटलीही न्यायची आहे, पाण्याची वेगळी आणि ती वेगळी. दोन्हींवर मी ठसठशीत खुणा केल्या आहेत.

एवढं सगळं झाल्यावर यादीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं: वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल, तर यातलं काहीही उपयोगाचं नाही.

आता उरलेत बर्फाचे दोन मोठे डबे, मांस आणायला. ही बातमी मराठी मंडळात कशी फुटली कोण जाणे, पण मागण्या आल्या आहेत. कोल्हापूरकरांना तांबडा रस्सा हवाय, पांढऱ्याचा आग्रह नाही. एका काकूंना सुकं हवंय, पण इकडच्या हरणांत 2002 पासून मेंदूचा एक रोग आढळतो, तेव्हा आधी तपासणीचा कागद दाखवायचा. शाकाहारी काका म्हणाले, "मी खात नाही, पण नुसता रस्सा चालेल." सगळ्यांना हो म्हणून टाकलंय. काल येता येता कसायाकडून मटण आणलं आणि फ्रीझरच्या तळाशी, मटारांच्या पिशव्यांखाली ठेवून दिलं.