वायच खालती

आंबा घाट उतरून एसटी रत्नागिरीत शिरली तेव्हा आम्हा उभयतांना वाटलं, उतरायचं ते सगळं उतरून झालं. आता समुद्र, म्हणजे सपाटी. आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल.

पहिल्याच चौकशीत कळलं, की या गावात डावं-उजवं नसतं. वर आणि खाली असतं. मारुती मंदिर वरती, जयस्तंभ खालती, मांडवी त्याच्याही खालती. अंतर मोजायचं माप एकच, ‘वायच’. वायच म्हणजे जरासं. ‘वायच खालती उतरा’ म्हटल्यावर आम्ही उतरत गेलो, ते समुद्राचं पाणी दिसेपर्यंत. तिथे एकजण म्हणाला, ‘पुढं आलात. वायच वरती जावा.’

शेवटी मोबाइलवरच्या नकाशाला शरण गेलो. टिळकांचं जन्मस्थान, चालत चार मिनिटं! नकाशाने आम्हाला एका पाखाडीवर आणून सोडलं. जांभ्याच्या पायऱ्या, प्रत्येकीची उंची निराळी, दोन्ही अंगांना गडगे, आणि वर मे महिन्यातलं ऊन. गुडघे धरून खाली पोचलो, तर समोर कुणाचं तरी खळं. एक काकू सुपात आमसुलं उलटत बसलेल्या. बोटं मनगटापर्यंत लालजांभळी.

‘काकू, टिळक आळी?’

‘टिळकांकडे काय? मग इकडनं कशाला आलात? वरनं यायचं.’

‘वरूनच आलो.’

‘मग खालनं यायचं,’ त्या म्हणाल्या आणि पुढचं आमसूल उलटलं.

ज्या पायऱ्या उतरलो त्याच चढलो. चार मिनिटांचे चाळीस झाले. पण १८५६ साली जिथे टिळक जन्मले ते कौलारू घर पाहिलं, आणि तिथल्या गारव्यात बायकोने इतका वेळ बसकण मारली, की तिची टिळकभक्ती मला त्या दिवशी नव्याने कळली.

थिबा पॅलेसला मात्र रिक्षाच करायची ठरलं. चालकाने सांगितलेला आकडा ऐकून मी नकाशा पुढे केला. ‘अहो, एवढंसं तर अंतर!’

‘नकाशा काय चढ चढतो काय वो?’

यावर सोलापूरकडे उत्तर नव्हतं.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली राज्य गेलं, पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा तयार झाला १९१० साली, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. मधल्या काळात, १९०८ ते १९१४, टिळक मंडालेच्या तुरुंगात. म्हणजे रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत! ने-आण सगळी सरकारी खर्चाने, भाडं ठरवायची पाळी दोघांवरही आली नाही. गच्चीसारख्या त्या उंचावरून खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘राजा हुशार. वर बसला तो बसलाच.’ त्याला खाली उतरायची मोकळीक नव्हती, हे मी सांगितलं. ‘मला तरी कुठे आहे?’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रत्नदुर्ग. तीन बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ. दर्शन झालं, वारा खाल्ला, सगळं छान. मग बायकोने समोर बोट केलं. दीपगृह वेगळ्या टेकडीवर होतं. मधे अर्थातच उतार. आम्ही दीपगृहाला लांबूनच नमस्कार केला. जहाजंसुद्धा ते लांबूनच बघतात.

तिसऱ्या दिवशी मुलीकडे मुंबईला निघायचं होतं. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावला. आता मी भाषा शिकलो होतो. रिक्षावाल्याला विचारलं, ‘स्टेशन वरती ना?’ तो खूश होऊन म्हणाला, ‘वरतीच.’ बॅगा घेऊन आम्ही चढण चढलो, स्टेशनात शिरलो आणि हमालाला गाडी कुठे लागते ते विचारलं.

फलाट खालती होता.