आधी दिवे बघा, मग फोन करा

नेट गेलं की निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळ्या घरांत पहिला उपाय ठरलेला: बटण बंद, बटण चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेवढ्यानं भागलं नाही की केबलवाल्याला फोन, आणि तो उचलत नाही म्हणून त्याच्या नावानं शिमगा. या सगळ्यात बिघाड घरात आहे की घराबाहेर, हे कुणी बघतच नाही. तेवढं कळलं तरी निम्मं काम झालं. त्याला शिक्षण लागत नाही, नेटच्या डबीवरचे दिवे बघायची सवय लागते.

फायबरची जोडणी असेल तर डबीवर एल-ओ-एस अशी तीन इंग्रजी अक्षरं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल, तर काचेच्या तारेतून यायचा प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचलेलाच नाही. मग राऊटर दिवसभर बंद-चालू केला तरी उपयोग शून्य. आधी ती बारीक तार बघा. कपाटामागं मुडपलीय का, उंदरानं कुरतडलीय का, डबीतून ढिली झालीय का? तसं काही नसेल तर दोष रस्त्यावरचा. महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीचा दात लागला किंवा वाऱ्यापावसात खांबावरची तार तुटली, तर ते दुरुस्त करणं तुमच्या हातात नाही. तारेचं टोक काढून डोळ्यासमोर मात्र कधीही धरू नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाल दिवा नाही, तरी नेट नाही? मग रिचार्ज संपलाय का ते बघा. प्लग काढून अर्धा मिनिट थांबा, परत लावा. हे एकदाच करायचं. राऊटरच्या मागं टाचणीएवढं भोक असतं, त्यात काडी घालून दाबण्याचा मोह आवरा. त्यानं सगळी सेटिंग पुसली जाते. एरवी तासाभरात मिटणारं दुखणं मग माणूस घरी येईपर्यंत लांबतं.

नेट आहे पण रखडतंय, ही तक्रार वेगळी. बेळगावच्या शहापूर-वडगावातली जुनी घरं जाड भिंतींची. पुढच्या सोप्यात राऊटर आणि माजघरात मुलांचा अभ्यास, असं असेल तर वाय-फायची लाट भिंतीतच अडते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान लाट भिंतीपुढं लवकर दमते, २.४ ची मंद असली तरी लांब पोचते. राऊटरशेजारी उभं राहून वेग मोजा. तिथं पुरता मिळत असेल तर कंपनीला दोष देऊ नका, राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर हलवा. आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा: ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला ४० नव्हे, फार तर ५ एमबीची फाईल उतरते. कारण ८ बिट म्हणजे १ बाइट. जाहिरातीत हे ठळक छापायला हवं, ते छापत नाहीत.

आपल्याकडं वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. पण अजून कितीतरी गल्ल्यांत गच्चीवरून गच्चीवर तांब्याची लॅन केबल ओढलेली आहे, आणि तिच्यातून झटका थेट राऊटरमध्ये उतरतो. आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग काढा आणि ती केबलही काढा.

आता कंपन्यांना. निपाणी कर्नाटकच्या टेलिकॉम सर्कलमध्ये, शेजारचं कागल महाराष्ट्राच्या. रेषा तुमच्या परवान्यांची आहे, पण ती ओलांडली की मराठी ग्राहकाला मराठीत उत्तर मिळेल याची खात्री उरत नाही. ज्या माणसाला आपला बिघाड आपल्या भाषेत सांगता येत नाही, त्याला ‘रिस्टार्ट केलंत का?’ एवढंच ऐकवून फोन ठेवणं हा अन्याय आहे. सीमाभागातल्या शेतकऱ्याचा उतारा, पोरांचे परीक्षेचे अर्ज, दुकानदाराचे पैसे, सगळं या एका तारेवर चालतं. बिल घेता त्या माणसाची भाषाही घ्या.

ग्राहकानंही ‘नेट नाही’ एवढंच सांगून थांबू नये. कोणता दिवा लाल आहे, कधीपासून, तार तपासली का, हे सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं दाद मागता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथं मराठीतही बोलता येतं. बेळगावातून फोन लावलात तरी मराठीच निवडा.