गिटारचे पोट उघडण्यापूर्वी

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी चपटी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत इवलासा विद्युतदाब तयार होतो आणि तो अँपपर्यंत जातो. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधले. साधारण शंभर वर्षांनी अमेरिकेत जॉर्ज बीचमने त्यावर गिटार वाजवून दाखवली. शेजाऱ्यांचा विचार दोघांपैकी कोणीही केलेला दिसत नाही.

एकच गुंडाळी असलेला सिंगल-कॉइल पिकअप तारांबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही इमानेइतबारे टिपतो. ती भारतात ५० हर्ट्झच्या पटीत असते, अमेरिकेत ६० च्या. वैताग दोन्हीकडे सारखाच. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर तोड काढली: शेजारी दुसरी गुंडाळी, उलट्या दिशेने वेढलेली आणि उलट्या ध्रुवाची. तारांचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, दोन्हींतल्या गुणगुणी एकमेकींना खाऊन टाकतात. हाच हंबकर. पेटंट हाती येईपर्यंत त्याखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी चिकटवली जाई. पेटंट मिळाल्यावर चिठ्ठीवर क्रमांक आला, पण तो गिटारवादक लेस पॉलच्या तारा अडकवण्याच्या पट्टीच्या पेटंटचा. घोटाळा होता की प्रतिस्पर्ध्यांना दिलेला चकवा, यावर जाणकारांत आजही वाद रंगतो.

त्या जुन्या हंबकरांत वेढ्यांची संख्या सारखी नसे. गुंडाळणी नेमकी कधी थांबवायची, याचे बंधन ढिले होते. आज त्या ढिलाईची हुबेहूब नक्कल अत्यंत काटेकोरपणे केली जाते आणि तिचे वेगळे पैसे पडतात.

बदलीच्या पिकअपचा बाजार तापला तो १९७० च्या दशकात. लॅरी डिमार्झिओचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ १९७२ मध्ये आला, सेमूर डंकनची कंपनी १९७६ मध्ये. तेव्हापासून गिटार जशी मिळाली तशी वाजवणे कमीपणाचे ठरू लागले.

खोक्यावर पहिल्यांदा दिसतो तो रोधाचा आकडा. साध्या सिंगल-कॉइलचा सहा किलोओहमच्या आसपास, जुन्या घाटाच्या हंबकरचा आठच्या आसपास, तापट हंबकरचा सोळापर्यंत. गिऱ्हाईक हा आकडा मोटारीच्या हॉर्सपॉवरसारखा वाचते. वास्तविक तेवढेच वेढे अधिक बारीक तारेचे दिले तरी आकडा फुगतो. आणि वेढेच वाढवले तर आवाज मोठा होतो खरा, पण वरच्या स्वरांची धार बोथट होते. चुंबकाचेही तसेच. अल्निको दोन मवाळ, अल्निको पाच टणक, सिरॅमिक बहुधा दांडग्या आवाजाच्या पिकअपमध्ये. पुढे जाहिरातीची भाषा सुरू होते: उबदार, मलईदार, लाकडी. कानाच्या वस्तूचे वर्णन जीभ आणि नाक यांच्यावर सोपवलेले असते. त्यापेक्षा आपल्या गिटारचे नेमके काय खटकते, हे एका वाक्यात लिहून काढावे. वाक्य जमले नाही, तर खरेदी पुढे ढकलावी.

खरे म्हणजे त्याआधी स्क्रू ड्रायव्हर उचलावा. पिकअपच्या दोन्ही टोकांना उंचीचे स्क्रू असतात. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असता पिकअपपासून तिचे अंतर दोनेक मिलिमीटर असावे, जाड तारांकडे किंचित जास्त. फार जवळ आणला, तर चुंबक तारेलाच ओढू लागतो आणि वरच्या पडद्यांवर सूर बेसुरे लागतात. दूर नेला की आवाज पडतो, पण मोकळा होतो. अर्ध्या फेऱ्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा नव्या पिकअपनेही पडत नाही. उपाय फुकट असल्यामुळे फारसा लोकप्रिय नाही.

आवाज आणि टोनच्या बटणांखालचे पॉट, म्हणजे बदलते रोधक, हेही तपासावेत: सिंगल-कॉइलला २५० किलोओहमचे, हंबकरला ५०० चे. उलटापालट झाली की पहिला किंचाळतो, दुसरा घोंगडी पांघरतो. ब्रिजजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळ, तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप सहसा जास्त वेढ्यांचा घेतात. जोडी घेताना खोक्यावर ‘नेक’ आणि ‘ब्रिज’ वाचून घ्यावे.

उरला डाग देण्याचा भाग. डंकनच्या हंबकरमध्ये सिग्नलची तार काळी, डिमार्झिओच्या हंबकरमध्ये लाल. हिरवी मात्र दोघांकडे जमिनीला. दोन कंपन्यांचे पिकअप एकाच गिटारमध्ये नांदवायचे, तर आकृत्याही दोन्ही समोर हव्यात. एकाची जोडणी उलटी झाली की दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आणि सर्दी झालेला येतो. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या ‘लेस पॉल’ गिटारमध्ये नेकच्या पिकअपचा चुंबक उलटा होता आणि त्या नाकातल्या आवाजासाठी ती गिटार जगप्रसिद्ध आहे. म्हणजे उलट्या जोडणीवर उपाय दोन: तारा बदलणे किंवा पीटर ग्रीनइतके चांगले वाजवणे. पहिला स्वस्त पडतो. काढलेले मूळ पिकअप मात्र डबीत जपून ठेवावेत. गिटार विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागते.